ग्राफिक्स शिकायला युटाला येण्याआधी

सॉल्ट लेक सिटीला एमएससाठी निघण्याआधी ब्लेंडरचा (थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरचा) क्लास लावावा का आणि गणित कितपत लागतं, असं तू विचारलंस. ब्लेंडर इथे येऊनही शिकता येईल. हाताशी असलेले महिने लिनिअर अल्जेब्राला, म्हणजे व्हेक्टर आणि मॅट्रिक्सच्या गणिताला दे, जोडीला सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा ठेव.

तू येतोयस त्या युटा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातच गूरो आणि फाँग यांनी शेडिंगच्या, म्हणजे पृष्ठभागावर उजेड-सावली दाखवायच्या पद्धती मांडल्या, आणि मार्टिन न्यूएलने १९७५ मध्ये घरातल्या चहाच्या किटलीचं मॉडेल बेझिए वक्रांतून, म्हणजे मोजक्या बिंदूंनी आकार ठरणाऱ्या वक्रांतून उभं केलं. ती किटली तुलाही रेंडर करावी लागेल, म्हणजे मॉडेलवरून तिचं चित्र काढावं लागेल. तिचा प्रत्येक तुकडा १६ नियंत्रणबिंदूंवर तोललेला असतो. हे कळायला आधी चार बिंदूंचा एकच वक्र हाताने काढ. (०,०), (०,४), (४,४), (४,०) हे बिंदू घे. शेजारच्या जोड्यांचे मध्य काढले की तीन बिंदू उरतात, पुन्हा काढले की दोन, आणि शेवटी एकच: (२,३). तो वक्रावरच असतो. मध्याऐवजी दुसरं गुणोत्तर घेतलंस की वक्रावरचा दुसरा बिंदू मिळतो. द कास्तेल्जोची रीत ती एवढीच, आणि मला ती आजही फार सुंदर वाटते.

आपल्याकडे एम-वनमध्ये (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणितात) मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू काढून मार्क मिळतात. ही मॅट्रिक्स अवकाशाचं नेमकं काय करते, हे सहसा कुणी विचारत नाही. इथे सगळा भर त्यावरच. गोल एका दिशेने ताणला, तर पृष्ठभागाच्या लंबांना तीच मॅट्रिक्स लावून चालत नाही, नाहीतर प्रकाश चुकीचा पडतो. त्यांना तिच्या व्यस्ताची (इन्व्हर्सची) ट्रान्सपोज, म्हणजे आडव्या ओळी उभ्या केलेली मॅट्रिक्स लावावी लागते. का, ते कागदावर सिद्ध करून बघ. तेवढं जमलं तर पहिल्या सेमिस्टरची धास्ती बरीच कमी होईल. चार बाय चारच्या मॅट्रिक्सने सरकवणं आणि फिरवणं एकत्र कसं होतं, तेही बघून ठेव. क्वाटर्निअन (फिरवणं चार आकड्यांत मांडायची रीत) नंतर केलेस तरी चालेल.

राहण्याचं म्हणशील तर ट्रॅक्स या शहरातल्या रेल्वेच्या लाल मार्गाजवळ खोली बघ, ती गाडी थेट कॅम्पसला येते. हिवाळ्यात खोऱ्यात धुरकं साचून राहतं, दम्याचा त्रास असेल तर औषधं सोबत आण. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, म्हणून फीचा हिशेब त्या कमाईवर मांडू नकोस. आणि अ‍ॅनिमेशनच्या कला शाखेकडे वळायचा विचार असेल, तर तो अभ्यासक्रम स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या गटात) धरतात का ते आधी विद्यापीठाला ईमेलने विचारून घे. शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच नोकरीसाठी १२ महिने मिळतात, वरचे २४ फक्त स्टेमवाल्यांना.