स्वतःची पाठ थोपटणारा पैलवान

नव्वदच्या दशकात टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजचं डब्ल्यूडब्ल्यूई) ही अमेरिकन कुस्ती बघताना दर आठवड्याला नुसता मार खायला येणारे ते पैलवान कोण असायचे आणि त्यातला कुणी कधी जिंकला का, असं तुम्ही विचारलंय. जिंकला. बॅरी होरोविट्झ त्याचं नाव. माझा फार लाडका माणूस आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी त्या धंद्याची रीत. तिथली कुस्ती ठरवूनच होते. आपल्याकडे नुरा कुस्ती झाली की मैदानात बोंबाबोंब होते, तिकडे लोक तिकीट काढून तीच बघायला येतात. आता मोठ्या पैलवानाचा दरारा निर्माण करायचा तर रोज कुणीतरी चितपट व्हायला लागतं. हे काम करणाऱ्याला 'जॉबर' म्हणतात. दोन-तीन मिनिटांत आडवं व्हायचं आणि घरी जायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण पडणं ही विद्या आहे. हनुवटी छातीला चिकटवून ठेवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ सपाट टेकवायची आणि त्याच क्षणी दोन्ही हात पसरून रिंगणावर आपटायचे. दणका सगळ्या अंगभर वाटला जातो आणि आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत जातो. फ्लोरिडाचा हा होरोविट्झ बोरिस मालेन्को या जुन्या पैलवानाकडे शिकलेला, डावपेचांत पक्का. तो इतका सुरेख पडायचा की समोरचा नवखा पोरगाही राक्षस वाटायचा.

आणि मग त्याची ती पाठ! कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला. याची दर आठवड्याला टेकायची, आणि हा पठ्ठ्या तीच पाठ स्वतः थोपटायचा. प्रतिस्पर्ध्याचा नुसता हात पिरगाळता आला, तरी आपला हात खांद्यावरून मागे टाकायचा आणि स्वतःला शाबासकी द्यायचा. जॅकेटच्या पाठीवर हाताच्या पंजाची छापसुद्धा करून घेतली होती. आपली पाठ आपण थोपटू नये असं आपल्याला घरी शिकवतात, पण दुसरं कुणी थोपटायला येतच नसेल तर माणसाने करायचं काय? थापा मारून होईपर्यंत समोरच्याने त्याला उचललेलंही असायचं. मी खळखळून हसायचो. माझ्याकडच्या पैलवानांच्या ट्रम्प कार्डांत होरोविट्झचं कार्ड नव्हतं, तरी त्याची लढत मी कधी चुकवली नाही.

असं वर्षानुवर्षं चाललं. मग जुलै १९९५ मध्ये 'अ‍ॅक्शन झोन' या कार्यक्रमात त्याची गाठ स्किपशी पडली. हा स्किप म्हणजे ख्रिस कँडिडो. पीळदार शरीर, सोबत सनी नावाची मॅनेजर, आणि जगाला व्यायामाचे धडे देण्याची हौस. होरोविट्झला लोळवल्यावर सरळ चित करायचं सोडून तो गर्दीला दाखवायला जोर मारायला लागला! होरोविट्झने मागून येऊन त्याची मोळी बांधली, पाठ टेकवली आणि पंचाने तीन मोजले, म्हणजे लढत संपली. समालोचक जिम रॉस जागच्या जागी ओरडायला लागला, 'होरोविट्झ विन्स! होरोविट्झ विन्स!' विश्वविजेतेपदालासुद्धा एवढा आवाज क्वचितच लागला असेल.

स्किप चवताळला. दहा मिनिटांच्या आत याला हरवून दाखवतो म्हणाला. होरोविट्झ दहा मिनिटं पुरून उरला. मग २७ ऑगस्टला पिट्सबर्गला 'समरस्लॅम' या मोठ्या कार्यक्रमात तिसरी गाठ. तिथे हाकुशी हा जपानी पैलवान, अंगभर बौद्ध सूत्रं लिहिलेला, मध्येच रिंगणात झेपावला, स्किपचं लक्ष उडालं आणि पुन्हा होरोविट्झच जिंकला. ज्यू लग्नांत हमखास वाजणारी धून आता त्याच्या प्रवेशाला वाजायची आणि लोक टाळ्यांनी ठेका धरायचे. त्याची नि हाकुशीची जोडीही जमली.

हे दिवस थोडेच टिकले. काही महिन्यांत तो परत आपल्या जुन्या कामावर, म्हणजे पडण्यावर. पुढे डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला, तर तिथेही कामाचं स्वरूप तेच. ती जुलैची लढत मिळाली तर जरूर बघा, आणि तीन मोजून झाल्यावर स्किपकडे नका बघू. होरोविट्झचा चेहरा बघा. आपण जिंकलोय हे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं.