तुमचे प्रश्न : घड्याळ खरं, पण घड्याळवाला?

प्रश्न : इन्स्टाग्रामवरचा एक विक्रेता सतत लॅम्बोर्गिनी, दुबईचे टॉवर आणि रोज नवं घड्याळ दाखवतो. रोलेक्स सबमरिनर डेट (126610 एलएन), बॉक्स-पेपरसह फुल सेट, 9 लाखांना देतो म्हणाला. आजच 2 लाख टोकन बायकोच्या खात्यावर, उरलेले रोख. बिल हवं असेल तर 18 टक्के जादा. विश्वास ठेवावा का? (ठाणे)

उत्तर : गाडी बाजूला ठेवा. गाडी तासावर भाड्याने मिळते, आणि रीलमधलं प्रत्येक घड्याळ त्याच्याच मालकीचं असतं असंही नाही. एकमेकांचा माल दाखवायला आणणं या धंद्यात नेहमीचंच. तरीही नकार द्यायला पत्रात पुरेसं आहे.

आधी भाव. हे मॉडेल सप्टेंबर 2020 मध्ये आलं. कंपनीच्या दुकानात नाव नोंदवून थांबावं लागतं, त्यामुळे वापरलेलंही सहसा छापील किमतीच्या वरच जातं. इथे ते छापील किमतीच्याही खाली मिळतंय. ज्याला जास्त देणारं गिऱ्हाईक सहज मिळेल, तो अनोळखी माणसाला स्वस्तात का देईल?

मग बिल. वापरलेल्या वस्तूच्या विक्रेत्याने खरेदीवरचा कर वजा करून घेतला नसेल, तर त्याला जीएसटी फक्त नफ्यावर भरता येतो. घड्याळ साडेआठ लाखांना घेऊन 9 लाखांना विकलं, तर 18 टक्के 50 हजारांवर, म्हणजे 9 हजार. हा गृहस्थ 1 लाख 62 हजार मागतोय. त्याला जीएसटी क्रमांक विचारा. तो 15 अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र 27, गोवा 30), पुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट दिसतं. 'पंधरा वर्षांचा धंदा' सांगणाऱ्याची नोंदणी आठ महिन्यांपूर्वीची निघाली, तर काय ते कळलंच. पैसे जाणारं खातंही त्याच नावाचं हवं. बायकोचं, मेहुण्याचं, मॅनेजरचं खातं चालणार नाही.

रोखीचं तर नावच काढू नका. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि रक्कम दोन दिवसांत विभागली तरी व्यवहार एकच धरला जातो. दंड घेणाऱ्याला होतो, हे खरं. पण तुमच्या हातात दिल्याचा पुरावा राहत नाही. एक खूण आणखी : 22 एप्रिल 2025 पासून 10 लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याने 1 टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गिऱ्हाइकाकडून घेतला जाणारा आयकर) घ्यायचा असतो. 12 लाखांच्या घड्याळावर 12 हजार. ते तुमच्या पॅनवर जमा होऊन विवरणपत्रात वळते होतात. एवढ्या किमतीचा माल विकणारा पॅनसुद्धा विचारत नसेल, तर तो हा व्यवहार पुस्तकात दाखवणार नाही.

प्रश्न : घड्याळ हातात आलं, तर अस्सल आहे हे घरी कसं ओळखायचं? वॉरंटी कार्डावरचा नंबर जुळतो. विक्रेता म्हणतो, मागचं झाकण उघडलं तर वॉटरप्रूफपणा जातो. (पुणे)

उत्तर : नंबर जुळणं ही पहिली पायरी, शेवटची नाही. आताच्या रोलेक्सवर सिरीयल काचेच्या आतल्या कडेच्या रिंगवर, सहाच्या बाजूला कोरलेला असतो. मॉडेल नंबर बाराच्या बाजूला, पट्टा काढल्यावर दोन लगांच्या (पट्टा जिथे अडकतो त्या केसच्या टोकांच्या) मध्ये दिसतो. सुपर क्लोनवाले (हुबेहूब नक्कल बनवणारे) खऱ्या घड्याळाचा नंबर घड्याळावर आणि कार्डावर, दोन्हीकडे छापतात, म्हणून नुसत्या जुळण्याने काही सिद्ध होत नाही. तारखेवरचं भिंग, काट्याची सरळ सरकणारी चाल, वजन यांवर तर अजिबात विसंबू नका. सबमरिनर डेटमधलं अस्सल 3235 मशीन तासाला 28,800 ठोके देतं, चांगला क्लोनही तेवढेच देतो. टाइमग्राफर (ठोके मोजणारं यंत्र) घड्याळाची चाल सांगतो, अस्सलपणा नाही.

म्हणून झाकण उघडावंच लागतं. विक्रेत्याच्या 'ओळखीच्या' नव्हे, तुम्ही निवडलेल्या घड्याळजीकडे. योग्य दातांच्या पान्याने उघडून, नवं गॅस्केट (पाणी अडवणारी रिंग) टाकून, प्रेशर टेस्ट घेतली की वॉटरप्रूफपणाचा प्रश्न मिटतो. विक्रेत्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

पूर्ण नकली माल तिथे बहुतेकदा पकडला जातो. फसवतात ती जुळवाजुळवीची घड्याळं : केस आणि मशीन अस्सल, पण डायल, बेझल (काचेभोवतीची कडी) किंवा पट्टा बाहेरचा. हिरे बसवलेलं असेल तर दुप्पट सावध राहा. दुकानदार उष्णतेवर चालणारा साधा डायमंड टेस्टर लावून 'बघा, पास' म्हणतो, पण त्यावर मॉयसनाइटही पास होतो. त्यासाठी विद्युतवाहकता तपासणारा टेस्टर लागतो. खडा खरा हिरा निघाला तरी तो कंपनीने बसवलेला नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटर काम नाकारू शकतं, आणि विकायला गेलात तर भाव पडतो. बिलावर मॉडेल, सिरीयल आणि एक वाक्य लिहून घ्या : 'अधिकृत सर्व्हिस सेंटरने कोणताही भाग अस्सल नसल्याचं सांगितल्यास सात दिवसांत पूर्ण रक्कम परत.' हे वाक्य लिहायला काचकूच करणाऱ्याकडून घेऊ नका.

प्रश्न : असाच एक विक्रेता म्हणतो, तुमचं जुनं घड्याळ माझ्याकडे ठेवा, विकून देतो, 8 टक्के कमिशन. (कोल्हापूर)

उत्तर : सर्वात मोठा धोका इथे. घड्याळ त्याच्याकडे, पैसे भविष्यात. लॉस एंजेलिसच्या एका यूट्यूबवर गाजलेल्या विक्रेत्याला 2023 मध्ये अटक झाली ती अशाच प्रकारासाठी : लोकांची घड्याळं विकली आणि पैसे दिलेच नाहीत. ओसाकाच्या एका कंपनीने मालकांची घड्याळं भाड्याने देतो म्हणून शेकडो घड्याळं गोळा केली, 31 जानेवारी 2024 ला कंपनी बंद केल्याचं जाहीर केलं आणि कंपनीच्या प्रमुखाने त्याच दिवशी दुबईचं विमान पकडलं.

शक्यतो थेट विका. पैसे खात्यात जमा झाल्यावरच घड्याळ हातातून सोडा, आरटीजीएसच्या स्क्रीनशॉटवर नव्हे. ठेवायचंच असेल तर लेखी पावती घ्या : सिरीयल, फोटो, किमान किंमत, मुदत, विक्री होईपर्यंत मालकी तुमची, विक्रीनंतर दोन बँक-दिवसांत पैसे, आणि चोरी-नुकसानीचा विमा कोणाचा.

प्रश्न : टोकन देऊन बसलोय, आता विक्रेता फोन उचलत नाही. (नाशिक)

उत्तर : आजच 1930 ला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका आणि बँकेला लेखी कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवणं सोपं असतं, म्हणून तासांना महत्त्व आहे. गप्पांचे स्क्रीनशॉट, यूटीआर (बँकेचा व्यवहार) क्रमांक, त्याच्या प्रोफाइलची लिंक जपून ठेवा. तो खातं बंद करेल. माणूस सापडतो, पण माल वेगळा निघाला किंवा पैसे परत करत नाही, असं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. तिथे 50 लाखांपर्यंतची तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते. मुदत दोन वर्षं.