गाइड रॉड बदलण्याआधी : पिस्तूल नेमबाजांचे प्रश्न

पिस्तुलाच्या पोटात एक बारीक दांडी असते आणि तिच्यावर रिकॉइल स्प्रिंग चढवलेली असते. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे येते; पॉइंट २२ च्या (हे गोळीच्या जाडीचं इंचातलं माप) बऱ्याच मॅच पिस्तुलांत स्लाइडऐवजी आतला सरकता ठोकळा, म्हणजे बोल्ट. स्प्रिंग दाबली जाते आणि तीच त्या सरकत्या भागाला पुढे ढकलून नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, बसवते. या धावपळीत स्प्रिंगने वाकू नये, मधेच पोट काढू नये, म्हणून ही दांडी. तिलाच गाइड रॉड म्हणतात. सांगली-साताऱ्याकडून तिच्याबद्दल इतकी विचारणा झाली की या वेळचा सगळा मजकूर तिलाच दिला आहे.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे, २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळते. प्रिसिजन (सावकाश नेमाचा भाग) बरं जातं, पण रॅपिडमध्ये (झटपट मारायच्या भागात) शॉट वर जातात. मैत्रिणी म्हणतात, टंगस्टनचा रॉड घाल, नळी उडायची थांबेल. स्टील घेऊ, पितळ घेऊ की टंगस्टन? (कराड)

आधी तुझा खेळ पाहू. तुझ्या रॅपिडमध्ये टार्गेट तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद आड जातं. त्या तीन सेकंदांत एकच गोळी मारायची आणि हात पुन्हा ४५ अंशांत खाली आणायचा. म्हणजे नळी उडते ती गोळी गेल्यावर, आणि पुढच्या गोळीला तुझा हात नव्याने खालून वर येतो. मधल्या उडण्याचा पुढच्या शॉटशी जवळजवळ संबंधच उरत नाही. शॉट वर जातात याचं कारण बहुधा असं, की हात जिथे थांबायला हवा त्याच्या थोडा पुढे जातो आणि नेमका तिथेच ट्रिगर सुटतो. ते दुरुस्त होईल रिकाम्या पिस्तुलाने, भिंतीसमोर, रोज अर्धा तास हात उचलून. रॉडने नाही.

तरी वजनाचा हिशेब सांगतो, कारण तो एकदा कळला की दुकानात कोणी फसवू शकत नाही. समज, दांडी भरीव आहे, ६ मिलिमीटर जाड आणि ९० मिलिमीटर लांब. घनफळ झालं अडीच घन सेंटिमीटर. प्लास्टिकची असेल तर वजन तीन ग्रॅमच्या आसपास, अॅल्युमिनियमची सात, स्टीलची वीस, पितळेची एकवीस-बावीस, आणि टंगस्टनच्या मिश्रधातूची साधारण पंचेचाळीस. प्लास्टिक काढून स्टील घातलं तर सतरा ग्रॅम वाढले. तुझं पिस्तूल किलोभराच्या पुढेच असणार. अडीच ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरने सुटते, तेव्हा हाताला बसणारा धक्का त्या सतरा ग्रॅमने दोन टक्केसुद्धा कमी होत नाही.

हे वजन नळीच्या बाजूला, हातापासून लांब बसतं, म्हणून नळी वर फिरण्याला थोडा जास्त अडसर होतो, हे खरं. त्याचा उपयोग कुठे? पुरुषांच्या रॅपिड फायरला. तिथे आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत पाच टार्गेटांवर पाच गोळ्या मारायच्या असतात. विजय कुमार यांनी २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकला रौप्यपदक मिळवलं ते याच प्रकारात. तिथे प्रत्येक गोळीनंतर साइट (नेम धरायची खूण) लवकर जागेवर यावी लागते, आणि पुढचे वीस-तीस ग्रॅम हाताला जाणवतात.

तुला पुढून जड पिस्तूल आवडतं का, हे आधी बाहेरून लावायच्या वजनाने पाहा. तुझ्या मॉडेलसाठी कंपनीची बॅलन्स वेट मिळत असतील तर ती लावता येतात, काढता येतात, मागेपुढे सरकवता येतात. एकूण वजन रिकाम्या मॅगझिनसकट १४०० ग्रॅमच्या आत ठेव, ट्रिगर १००० ग्रॅमचं वजन न सुटता उचलतोय ना ते बघ. यानंतरही रॉड घ्यायचाच असेल तर तुझ्या मॉडेलसाठीच बनवलेला, एकसंध, स्टेनलेस स्टीलचा घे. टंगस्टन महाग आणि ठिसूळ, सिमेंटच्या फरशीवर पडला तर टवका उडू शकतो. पितळ मऊ, स्प्रिंगच्या घासण्याने त्यावर चरे लवकर पडतात. शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते तुझ्याच प्रकारात. तो तीन सेकंदांचा शॉट मनापासून घोटून घे, एवढंच तुला आग्रहाने सांगतो.

प्रश्न : नव्या रॉडबरोबर हलकी स्प्रिंग आली होती. तीही बसवली. आता दर मॅगझिनला एखादं काडतूस चेंबरमध्ये अर्धवट बसतं. रॉड खराब निघाला का? (विश्रामबाग, सांगली)

रॉडवर संशय घेण्याआधी जुनी स्प्रिंग परत घाला. स्प्रिंग हलकी असली की बोल्ट मागे जोरात आपटतो आणि पुढे येताना त्याच्यात दम उरत नाही, मग काडतूस पूर्ण आत ढकललं जात नाही. मागे बफर (बोल्टचा धक्का झेलणारा मऊ तुकडा) असेल तर तोही काढून पाहा, चेपला असेल. उलट, स्प्रिंग फार कडक झाली तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता अडकते. कंपनीने स्प्रिंग ठरवलेली असते ती बोल्टचं वजन आणि ठरावीक वेगाचं काडतूस धरून. आपण फक्त स्प्रिंग बदलली की तो मेळ मोडतो.

पण जुन्या स्प्रिंगवरही काडतूस अडलं तर? मग चेंबर साफ करा. पॉइंट २२ ची शिशाची गोळी मेणाचा किंवा ग्रीसचा थर घेऊनच येते. तो आणि दारूची काजळी मिळून चेंबरच्या तोंडाशी कडक कडं तयार होतं. अशा तक्रारी घेऊन आलेली निम्मी पिस्तुलं मी नुसत्या ब्रशने बरी केली आहेत.

रॉड खरोखर खराब असेल तर तो स्वतः दाखवतो. मिरजेचा एक विद्यार्थी मागच्या महिन्यात असाच आला होता. दांडी खिडकीशी धरली तर एकाच बाजूला, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी चकचकीत रेघ. बाकी दांडी मंद राखाडी. म्हणजे स्प्रिंग एकाच अंगाने घासत होती. कापसाचा बोळा दांडीवरून फिरवला तर डोक्याजवळच्या कडेला धागे अडकून राहिले, तिथे धातूची बारीक कुस होती. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर दांडी जुनीपेक्षा जाड निघाली, स्प्रिंगला आत मोकळीकच नव्हती. एवढ्या तीन गोष्टी तुम्हीही घरी पाहू शकता. पिस्तूल रिकामं केल्याची दोनदा खात्री करून, मॅगझिन बाजूला ठेवून.

आणखी एक. दोन तुकडे आट्यांनी जोडलेला रॉड घेऊ नका. बऱ्याच वर्षांपूर्वी एका राज्य स्पर्धेत, सेंटर फायरच्या (पॉइंट २२ पेक्षा मोठ्या काडतुसाच्या पिस्तूल प्रकाराच्या) रॅपिडला, माझा असाच रॉड हादऱ्यांनी उसवला आणि तिसऱ्या सिरीजला पिस्तूल अर्ध्यावर अडकलं. पिस्तूल समोर टार्गेटकडेच धरून मोकळा हात वर केला, रेंज ऑफिसरला येऊ दिलं. तिथे आपण स्वतः खटपट केली तर बिघाड धरलाच जात नाही. माझा बिघाड धरला गेला, पण हाताची लय त्या दिवशी परत आली नाही. असा रॉड आधीच असेल तर आट्यांना निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि दर सरावानंतर बोटाने तपासा.

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची, १० मीटर एअर पिस्तूल खेळते. तिलाही असा रॉड घालावा का? (तासगाव)

नको ताई. एअर पिस्तुलात स्लाइड नाही, रिकॉइल स्प्रिंगही नाही, त्यामुळे हा रॉडच नाही. आतला धक्का शोषायची सोय काही मॉडेलांत कंपनीच करून देते, तिला हात लावू नका. ते पैसे छर्‍यांवर खर्च करा, मुलीला जास्त उपयोग होईल.

प्रश्न : माझं कुपवाड एमआयडीसीत वर्कशॉप आहे. सीएनसीवर मायक्रॉनमध्ये काम होतं. नमुना दिला तर मीच दांडी बनवली तर चालेल का?

तुमच्या हाताच्या सफाईबद्दल शंका नाही, पण उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असंच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग येतात, आणि कलम ५ प्रमाणे बनवणं आणि दुरुस्त करणं दोन्हीला परवाना लागतो. साधी दांडी आहे म्हणून सूट नाही. रॉड कंपनीकडून किंवा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या, बाहेरून आणायचा तर आयातीची रीतसर परवानगी काढून, आणि पावती पिस्तुलाच्या कागदांसोबत ठेवा.

प्रश्न : मी निवृत्त सुभेदार. फौजेत नऊ मिलिमीटर पिस्तूल वापरलं. त्याची दांडी आखूड होती, कधी अडलं नाही. आता मुलं पूर्ण लांबीची दांडी हवी म्हणतात. खरंच फरक पडतो का? (अपशिंगे, जि. सातारा)

सुभेदारसाहेब, तुमचा अनुभव बरोबर आहे. अमेरिकी हत्यार-रचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या १९११ च्या पिस्तुलातही मूळ दांडी आखूडच. तिथे स्प्रिंगला पुढून टोपण असतं आणि बाहेरून स्लाइडचं भुयार, त्यामुळे ती फारशी वाकूच शकत नाही. पूर्ण लांबीच्या दांडीने चाल किंचित गुळगुळीत लागते आणि पुढे थोडं वजन येतं. बदल्यात पिस्तूल उघडणं किचकट होतं, कधी कधी किल्लीशिवाय उघडतच नाही. चिखलात, अंधारात उघडायच्या हत्याराला आखूड दांडीच शहाणपणाची. टेबलावर सावकाश साफ होणाऱ्या मॅच पिस्तुलाला लांब दांडी चालते. तुमच्याकडे शिकणाऱ्या मुलांना मात्र एवढं जरूर सांगा, की तुम्ही फौजेत आखूड दांडीवरच नेम धरलात.

प्रश्न : पाचगणीच्या पावसाळ्यात स्टीलच्या रॉडवर तांबूस ठिपके येतात. स्टेनलेस म्हणून घेतला होता. (पाचगणी)

स्टेनलेसलाही डाग पडतो, विशेषतः घामाचा हात लागून तसाच ठेवला तर. बऱ्याचदा तो गंज रॉडचा नसतोच, वरच्या साध्या पोलादी स्प्रिंगचा असतो आणि रॉडवर उतरतो. स्प्रिंग काढून आतल्या बाजूने पाहा. वेटोळ्यांवर खड्डे दिसले तर ती बदला, तशी स्प्रिंग कधीतरी तुटतेच.

पिस्तूल फोमच्या पेटीत महिनोन् महिने बंद ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. पेटीत रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की पुडीतून काढून जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, पुन्हा निळे होतात. रॉडला तेलाचा एकच थेंब, बोटाने पसरवून, मग कोरड्या सुती फडक्याने पुसून. चमक दिसली पाहिजे, ओल नाही. मॅचच्या आदल्या रात्री मात्र तेल देऊ नका. जादा तेलात काजळी मिसळून चिखल होतो आणि दुसऱ्या दिवशी बोल्ट जड चालतो. आठवडाभर आधी साफ करा आणि त्यावर सरावाच्या पन्नास गोळ्या मारून घ्या.