हात बांधले की शब्द अडतात

प्रिय मुली,

औशाजवळच्या गावाहून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. लातूरला राहून तू राज्यसेवेच्या मुलाखतीची तयारी करतेस. क्लासच्या सरांनी हात मांडीवर घट्ट ठेवायला सांगितले, आणि सरावात गावच्या विहिरींबद्दल विचारल्यावर येत असलेलं उत्तर घशातच राहिलं. घरी आजी म्हणते, "बोलायलीस का भांडायलीस? हात आवर की!" माझ्यातच खोट आहे का, असं तू विचारतेस.

नाही गं. जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की जन्मांध मुलंसुद्धा बोलताना हातवारे करतात. ज्यांनी कुणाचे हात हलताना कधी पाहिलेच नाहीत, ती मुलं! आणि ऐकणाराही अंध आहे हे ठाऊक असताना! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले होते. म्हणजे हात नुसते समोरच्यासाठी हलत नाहीत, बोलणाऱ्यालाही ते लागतात. १९९६ मधल्या एका प्रयोगात लोकांना हात न हलवता गोष्ट सांगायला लावली, तेव्हा वर-खाली, आत-बाहेर असं काही सांगताना ते जास्त अडखळले. तुझी विहीर तिथेच अडली. पाणी किती परस खाली गेलं हे सांगताना तुझा तळवा आधी खाली उतरतो आणि त्याच्यामागून शब्द येतो. तळवाच दाबून धरलास तर शब्द यायचा कसा?

बोलण्यातला ५५ टक्के परिणाम देहबोलीचा असतो, हे सरांचं गणितही डोक्यातून काढ. ते ज्यांच्या नावावर सांगतात त्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग सुटे शब्द बोलताना आवाजावरून, चेहऱ्यावरून आवड-नावड कशी कळते, एवढ्यापुरतेच होते.

मुलाखतीत हात सैल सोड, हातात पेन धरू नकोस. बोट रोखायची सवय असेल तर तेवढी मोड, ते समोरच्याला टोचतं. बाकी हात चालले तर चालू देत. आरशासमोर मात्र सराव करू नकोस, सगळं लक्ष हातांवरच जाईल. त्यापेक्षा मैत्रिणीला समोर बसव आणि विहिरीचं सगळं सांग.

आजीवर रागावू नकोस. मोठ्यांपुढे पदर सावरून, मान खाली घालून बोलायचं, हेच तिला शिकवलेलं. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, असं तू लिहिलंयस. आज संध्याकाळी तिच्याजवळ बस, ती खडी कशी फोडायची ते विचार आणि तिच्या हातांकडे बघ.

तुझी,
मावशी