टेलगेट पार्टीत पार्किंग लॉटमध्ये कोणते खेळ खेळता येतील?

तुमचा प्रश्न असा आहे: कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याआधी मराठी मंडळातली चार-पाच कुटुंबं मिळून टेलगेट करणार, म्हणजे पार्किंग लॉटमध्ये गाड्यांपाशीच खाणंपिणं आणि गप्पा, सोबत मुलं आणि भारतातून आलेले आईवडील. खाण्याचं ठरलंय, पण सामन्याआधीचे तीन-चार तास काढायला खेळ कोणते न्यावेत?

थोडक्यात सांगायचं तर कॉर्नहोल आणि लॅडर टॉस नक्की न्या. गाडीत जागा उरली तर मोठा जेंगा. गवतावर जागा मिळाली तरच लगोरी. क्रिकेटची बॅट घरीच ठेवा.

खेळ निवडताना मी एकच गोष्ट पाहतो, तो एका हाताने खेळता येतो का. दुसऱ्या हातात कागदी प्लेट किंवा पेला असतोच. शिवाय ग्रिलवरचं काढायला कोणीतरी मधेच उठणार, कोणी उशिरा येणार, म्हणजे डाव चालू असताना माणूस बदलला तरी चालला पाहिजे. या कसोटीवर बरेच लोकप्रिय खेळ बाद होतात. स्पाइकबॉल, म्हणजे जमिनीलगतच्या गोल जाळीवर चेंडू आपटायचा खेळ, उत्तम आहे, पण त्यात दोघांविरुद्ध दोघं सतत पळतात आणि चेंडूसाठी जमिनीवर झेप घेतात. डांबरावर गुडघे सोलून निघतील. कॅनजॅममध्ये फ्रिस्बी डब्याकडे फेकायची असते, त्याच्या दोन डब्यांमध्ये ५० फूट अंतर लागतं आणि वाऱ्याने फ्रिस्बी शेजारच्यांच्या सॅलडमध्ये जाते. हॉर्सशूजला, म्हणजे खुंटीवर घोड्याची नाल फेकायच्या खेळाला, जमिनीत खुंटी ठोकावी लागते, ती डांबरात कुठे ठोकणार?

आता कॉर्नहोल. भोक असलेला एक तिरपा बोर्ड, त्यावर लांबून दाण्यांच्या छोट्या पिशव्या, म्हणजे बॅगा, टाकायच्या. ओहायोत राहता तर हा खेळ पाहिला असेलच, सिनसिनाटीच्या बाजूला तर घराघरात बोर्ड असतात. बोर्ड २ फूट रुंद आणि ४ फूट लांब. वरच्या टोकापासून ९ इंचांवर आणि दोन्ही बाजूंपासून मधोमध ६ इंच व्यासाचं भोक. मागची कड जमिनीपासून १२ इंच, पुढची ४ इंचांपर्यंत. दोन बोर्डांच्या पुढच्या कडांमध्ये २७ फूट. प्रत्येक बाजूच्या चार बॅगा, म्हणजे दोन रंगांच्या मिळून आठ. बॅग ६ बाय ६ इंच, वजन सुमारे एक पौंड.

जागेचा हिशेब आधीच करा. २७ फूट आणि दोन बोर्डांचे आठ मिळून ३५ फूट होतात. पार्किंगची एक जागा साधारण ९ बाय १८ फूट, म्हणजे समोरासमोरच्या दोन मोकळ्या जागांत कोर्ट नेमकं बसतं. पण बहुतेक लॉटमध्ये एका गाडीला एकच जागा असा नियम असतो आणि खेळासाठी जागा अडवलेली चालत नाही. गाड्यांच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर तर बोर्ड मांडूच नका, अग्निशमन दलाच्या गाडीसाठी तो मोकळा ठेवायचा असतो आणि तिथून लोक तुम्हाला उठवणारच. म्हणून सगळ्या गाड्या एकत्र आणा, रांगेचं टोक किंवा गवताच्या पट्ट्यालगतची जागा धरा, आणि एवढं करूनही जमलं नाही तर अंतर सरळ २०-२१ फुटांवर आणा. मुलांना आणि आजी-आजोबांना तेवढंच सोयीचं पडतं.

गुण मोजताना नवखे गोंधळतात. बोर्डवर थांबलेल्या बॅगेचा १, भोकात गेलेलीचे ३. पण दोन्ही बाजूंचे गुण वेगवेगळे लिहीत बसायचं नसतं, एकमेकांतून वजा करायचे असतात. समजा तुमच्या दोन बॅगा भोकात आणि एक बोर्डवर, म्हणजे ७. समोरच्यांची एक भोकात, दोन बोर्डवर, म्हणजे ५. या फेरीत तुम्हाला फक्त २ मिळतात, त्यांना काही नाही. दोन्ही बाजू एकाआड एक बॅग टाकतात. ज्यांनी गुण घेतले ते पुढच्या फेरीत आधी टाकतात. आधी जमिनीला लागून मग बोर्डवर उडालेली बॅग लगेच उचलून बाजूला ठेवायची, नाहीतर पुढच्या बॅगा तिला आपटून भांडण सुरू होतं. जो २१ गाठेल किंवा ओलांडेल तो जिंकला. काही घरांत नेमके २१ लागतात आणि वर गेलं तर १५ वर परत यायचं असा नियम असतो. मला तो आवडत नाही, डाव उगाच लांबतो आणि रांगेत थांबलेले कंटाळतात. काहीही असो, पहिली बॅग टाकण्याआधी ठरवून घ्या.

चौघं खेळत असतील तर जोडीदार समोरासमोरच्या बोर्डांपाशी उभे राहतात, त्यामुळे कोणालाच चालत जाऊन बॅगा आणाव्या लागत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांना ही मोठी सोय. बॅग चेंडूसारखी खांद्यावरून फेकायची नाही. तळहातावर आडवी धरून, हात खालून पुढे नेत, सोडताना मनगटाला हलकी गिरकी द्यायची, म्हणजे ती सपाट फिरत जाते आणि बोर्डवर पडून पुढे सरकते. उलटीपालटी होत गेलेली बॅग पडल्यावर उडी मारते आणि खाली जाते. नवख्यांची बॅग बहुतेक वेळा बोर्डच्या अलीकडे पडते. त्यांना जोर वाढवायला सांगू नका, हात आणखी वर नेऊन सोडायला सांगा.

बोर्ड विकत मिळतात, पण हाताला सवय असेल तर एका शनिवारी घरी होतात. प्लायवूड अर्धा इंच जाडीचं घ्या. याहून पातळ घेतलं तर ते ढोलासारखं दणकतं आणि बॅग उसळते. २ बाय ४ फुटांचे कापलेले तुकडे होम इम्प्रूव्हमेंटच्या दुकानात मिळतात. चौकटीला आठ फुटी टू-बाय-फोर (नावाला २ बाय ४ इंची लाकूड) चार लागतात: दोनांतून ४८ इंचांच्या चार बाजू, एकातून २१ इंचांचे चार आडवे तुकडे, एकातून चार पाय. २१ इंच अशासाठी की टू-बाय-फोरची खरी जाडी दीड इंच असते, दोन्ही बाजूंचे तीन इंच वजा झाले. त्याच लाकडाची रुंदी साडेतीन इंच आणि वर अर्ध्या इंचाचं प्लाय, म्हणजे पुढची उंची ४ इंच आपोआप जमते. ४८ चे तुकडे करवतीच्या पात्यापायी केसभर कमी भरतील, चारही सारखे कापले की झालं.

पायांपाशी बहुतेकांचं चुकतं. कागदावर कोन काढत बसू नका. पाय थोडे लांबच ठेवा, चौकटीच्या आतल्या बाजूने ३/८ इंची, चार इंच लांब कॅरेज बोल्टने (गोल डोक्याच्या बोल्टने) बसवा, वरचं टोक गोल घासा, नाहीतर दुमडताना प्लायला अडतं. मग बोर्डची मागची कड विटा किंवा पुस्तकं रचून बरोबर १२ इंचांवर उचला, पाय सरळ उभे करा, जमिनीशी समांतर खूण करून तिथे कापा. भोक जिगसॉने (बारीक पात्याच्या विजेच्या करवतीने) पाडा आणि त्याची कड सँडपेपरने गोल करा, धारदार कडेला बॅगेचं कापड फाटतं. रंग अर्धवट चकाकीचा, म्हणजे सेमी-ग्लॉस लावा. फार चकचकीत झाला तर प्रत्येक बॅग घसरून मागे जाते, खरखरीत राहिला तर जागीच रुतते.

बॅगांसाठी जाड डक कॅनव्हासचे ७ बाय ७ इंचांचे चौकोन कापा, अर्धा इंच शिवणीत जातो. शिवण दुहेरी घाला. आत सुका मका, जनावरांच्या खाद्याच्या दुकानातला. आठ बॅगांना आठ पौंड पुरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक बॅग तोलून घ्या. घरात आहे म्हणून तांदूळ भरू नका, कापड जरा सैल झालं की शिवणीतून गळतो. मक्याची पिशवी पावसात भिजली तर आत बुरशी येते, आणि हिवाळाभर गॅरेजमध्ये राहिली तर उंदीर फोडतात. म्हणून आता बरेच जण प्लास्टिकचे दाणे भरतात. ओहायोचा ऑक्टोबर-नोव्हेंबर पाहता तुम्हीही तेच भरा.

दुसरा खेळ लॅडर टॉस. तीन आडव्या दांड्यांची एक शिडी, दांड्यांमध्ये १३ इंच अंतर. दोरीच्या दोन टोकांना दोन चेंडू, ती जोडी फेकून दांडीला गुंडाळून लटकवायची. प्रत्येकाला तीन जोड्या. फेकण्याची रेषा १५ फुटांवर, म्हणजे साधारण पाच ढांगा, हीच याची खरी मजा, कारण एवढी जागा कुठेही मिळते. वरच्या दांडीला ३, मधल्या २, खालच्या १ गुण. काही जण उलट मोजतात, विचारून घ्या. बरोबर २१ झाले की जिंकले, जास्त झाले तर त्या फेरीचे गुण धरत नाहीत. एक सावधगिरी मात्र हवीच: स्वस्त संचांत खरे गोल्फचे चेंडू असतात. गवतावर ते ठीक, डांबरावर टप्पा पडला की सरळ कोणाच्या तरी दारावर. मऊ रबराच्या चेंडूंचाच संच घ्या. शिडी गाड्यांकडे पाठ करून मांडू नका, मागे गवत किंवा कुंपण असू द्या. पीव्हीसीच्या पाइपची शिडी हलकी असते, वाऱ्याने पडते. तळाच्या पाइपात वाळू भरा किंवा त्यावर पाण्याच्या बाटल्यांचं खोकं ठेवा.

मोठा जेंगा, म्हणजे ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून एकेक ठोकळा काढून वर रचायचा आणि मनोरा पाडायचा नाही, दिसायला भारी, पण वजनाने घाम काढतो. ५४ ठोकळे, प्रत्येक साडेदहा इंच लांब, टू-बाय-फोरचा. तीन ठोकळे शेजारी ठेवले की साडेदहा इंच होतात, म्हणून ही लांबी. एका आठ फुटी लाकडातून नऊ निघतात, सहा लाकडांत संच पुरा. अठरा थरांचा मनोरा २७ इंच उंच भरतो आणि खेळता खेळता कमरेच्या वर जातो. लाकूड कोरडं आणि सरळ निवडून घ्या, ओलं लाकूड नंतर वाकतं. सगळे ठोकळे अगदी सारखे घासले तर भार सगळ्यांवर सारखा येतो आणि एकही हलत नाही. म्हणून पंधरा-वीस ठोकळ्यांची सपाट बाजू जरा जास्त घासा, ते सैल राहतात आणि शोधायला मजा येते. पार्किंग लॉटला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, डोळ्यांना तो दिसत नाही, मनोऱ्याला मात्र कळतो. खाली प्लायवूडचा तुकडा टाकून, उताराच्या बाजूला पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवून तो समपातळीत आणा. मनोरा कोसळला की ठोकळे पायावर येतात, तेव्हा खेळणाऱ्याच्या पायात बूट हवेत, चपला नकोत, आणि लहानग्यांना चार हात लांब बसवा.

मुलांसाठी वेगळं काही विकत घेऊ नका. फोमचा फुटबॉल आणि मोठी कचऱ्याची रिकामी बादली घ्या, १०, १५ आणि २० फुटांवर खडूने रेषा आखा, जवळून १, मधून २, लांबून ३ गुण. कातडी फुटबॉलला हात लावू देऊ नका, त्याचं टोक कुठे उसळेल ते कोणालाच सांगता येत नाही. काही लॉटमध्ये चेंडू फेकण्यावरच बंदी असते, म्हणून तिकिटासोबत आलेले पार्किंगचे नियम आधी वाचा. काचेच्या बाटल्याही बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत.

आईवडिलांना सगळ्यात जास्त रमवायचं असेल तर लगोरी. ऐन दुपारी आजोबा बाह्या सरसावून उठतील. पण त्याला गवत आणि निदान ४० फूट मोकळी जागा हवी, कारण लगोरी फोडल्यावर एक संघ पांगतो आणि दुसरा चेंडूने टिपायला धावतो. दगडांऐवजी प्लायवूडचे सात चौकोनी तुकडे कापा, सात इंचांपासून तीन इंचांपर्यंत उतरते. चेंडू स्पंजचा, टेनिसचा नाही, आणि गुडघ्याखालीच मारायचा. ग्रिल किमान २० फूट लांब. विटी-दांडूचा मोह मात्र टाळा, विटी कोणाच्या विंडशील्डवर बसली तर सामन्याच्या तिकिटापेक्षा महाग पडेल.

आवरायला सामन्याच्या तासभर आधी घ्या, स्टेडियमच्या दारात रांगा लागतात आणि यातलं काही आत नेता येत नाही. बॅगा आठ भरल्यात का ते मोजा. बोर्ड डिकीत रंगाकडची बाजू आत करून एकमेकांवर ठेवा, मध्ये जुनी चादर घाला. ग्रिलचे कोळसे पूर्ण विझल्याशिवाय ग्रिल बोर्डांच्या शेजारी ठेवू नका.