टेम्पो : हँबर्गची पाटी, खान्देशातलं काम

चोपडा तालुक्यातून प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: आमच्याकडे केळी असो, कापूस असो की लग्नाचं सामान, ट्रकपेक्षा लहान मालगाडी म्हणजे टेम्पो. पुण्यात शिकणारी भाची म्हणते, हा इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थ ‘वेग’ आणि आपण तो चुकीचा वापरतो. मग टेम्पो हा शब्द मराठी मानायचा की नाही? आणि वडील ‘मॅटॅडोर’, ‘मिनीडोर’ म्हणायचे, ते शब्द कुठं गेले?

गाड्या आणि शब्द या दोन्हींचं मला वेड आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

भाचीनं शब्दाचं गोत्र बरोबर ओळखलंय, पण तो आपल्याकडे आला त्या वाटेचा तिला पत्ता लागलेला नाही. गाडीचा टेम्पो इंग्रजीतून आलेला नाही. तो जर्मनीतल्या हँबर्गहून आला, आणि तोही गाडीच्या नाकावरची पाटी म्हणून. 1924 साली तिथं ‘विडाल उंड झोन’, म्हणजे विडाल आणि मुलगा, या नावाची कंपनी निघाली. तिच्या गाड्यांचं नाव टेम्पो. कंपनीला नाव मिळालं ते तीनचाकी मालगाड्यांवर. 1928 पासून जर्मनीत चारपेक्षा कमी चाकं आणि 200 सीसीपर्यंतचं इंजिन असलेल्या गाडीला कर नव्हता आणि ती चालवायला परवानाही लागत नव्हता. किराणावाला, बेकरीवाला, भाजीवाला अशा माणसांना याहून सोयीचं काय असणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर, 1949 मध्ये, याच घराण्यातली ‘हान्सेआट’ आली. हँबर्ग हे जुन्या हान्सा व्यापारी संघातलं शहर आणि तिथला नागरिक म्हणजे हान्सेआट. गाडीची रचना बघण्यासारखी होती. पुढं एकच चाक, इंजिन त्या चाकावरच बसवलेलं, आणि ताकद साखळीनं त्याच चाकाला. इंजिन दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, 400 सीसीचं. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा नाही, दोन चाकांत ती वाटून देणारं डिफरन्शियल नाही, त्यामुळे मागची सगळी जागा मालाला मोकळी. कमी लोखंडात जास्तीत जास्त काम काढणारी इतकी सरळ रचना मला दुसऱ्या फार थोड्या गाड्यांत दिसते. गाड्यांच्या गप्पा निघाल्या की लोक लांबलचक मोटारींबद्दल बोलतात, मला ही तीन चाकांची ठेंगणी गाडी जास्त मोलाची वाटते.

1958 साली उद्योजक न. कुं. फिरोदिया यांनी या जर्मन कंपनीशी करार करून ‘बजाज टेम्पो’ उभी केली आणि हान्सेआट भारतात बनू लागली. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला. गाडीचं पूर्ण नाव कोण घेणार? ‘हान्सेआट’ आपल्या जिभेवर बसणं शक्यच नव्हतं. ‘टेम्पो’ मात्र दोन अक्षरी, ओकारान्त, खणखणीत. तोच राहिला.

आता गोत्राबद्दल. जर्मन भाषेत टेम्पो म्हणजे वेग. जर्मनांनी तो शब्द इटालियनमधून घेतला, इटालियनमध्ये तो लॅटिनमधल्या ‘टेम्पुस’वरून आला, आणि टेम्पुस म्हणजे काळ. इंग्रजीनंही संगीतातली लय सांगण्यासाठी हाच इटालियन शब्द उचलला, आणि त्या वाटेनं आपल्याकडे दुसरा टेम्पो आला: ‘प्रचाराचा टेम्पो वाढला’, ‘भाषणाचा टेम्पो टिकला नाही’. म्हणजे मराठीत दोन टेम्पो आहेत. एक रस्त्यानं आला, एक वर्तमानपत्रातून. मूळ एक असलं तरी ते मराठीत एकमेकांना ओळखत नाहीत. खळ्यावर ‘टेम्पो वाढवा’ म्हटलं तर माणूस आणखी एक गाडी बोलावेल, आणि ते बरोबरच आहे.

आणि गंमत बघा, खुद्द जर्मनीत आज ‘टेम्पो’ मागितला तर हातात कागदी रुमाल मिळेल. 1929 मध्ये तिथं त्याच नावाचा कागदी रुमाल बाजारात आला आणि घराघरात इतका पोचला की कुठल्याही कंपनीच्या कागदी रुमालाला लोक टेम्पो म्हणू लागले. गाडीवाली टेम्पो कंपनी साठच्या दशकात हानोमाग या दुसऱ्या कंपनीत विरून गेली आणि तिथल्या रस्त्यावरून ते नाव गेलं. म्हणजे एकाच शब्दाची दोन व्यापारी नावं झाली, दोन्ही सामान्यनामं बनली. एक जर्मनीत खिशात गेलं, दुसरं आपल्याकडे केळीच्या बागेत.

मॅटॅडोर आणि मिनीडोर ही बजाज टेम्पोचीच लेकरं. मॅटाडोर म्हणजे स्पेनमध्ये रिंगणात उतरून बैलाला मारणारा. जर्मनीत 1949 मध्ये निघालेल्या पहिल्या मॅटाडोरला फोक्सवॅगनचं इंजिन होतं. भारतात 1969 पासून बनली ती नंतरच्या पिढीची, चार चाकांची. तिचीही ताकद पुढच्या चाकांना, म्हणून मागचा तळ बुटका. पोतं खांद्यावरून सरळ आत सरकवता येई, म्हातारं माणूस हात न धरता चढे. मालाला तीच, वऱ्हाडाला तीच. मिनीडोर तीनचाकी, आणि हे नाव मॅटॅडोरच्या वजनावर बेतलेलं उघड दिसतं. जळगाव, अमळनेर, पाचोरा या भागात ‘मिनीडोर’ हा शब्द प्रवासी गाडीसाठी पक्का रुजला. पुण्याकडच्या खेड्यांत अशाच गाडीला ‘टमटम’ म्हणत. तो शब्दही जुना आहे, आधी एका घोड्याच्या हलक्या गाडीचा. उत्तर भारतात तर ‘टेम्पो’ म्हणजेच माणसं वाहणारी तीनचाकी. आपल्याकडे मात्र माणसांना मिनीडोर आणि मालाला टेम्पो, अशी वाटणी झाली.

वडिलांचे शब्द कुठं गेले, याचं उत्तर माझ्या मते इथंच आहे. मॅटॅडोर आणि मिनीडोर हे शब्द विशिष्ट आकाराच्या गाडीला चिकटले होते. मॅटॅडोर म्हटलं की ते चपटं नाक आणि बुटका तळ डोळ्यासमोर येणारच. गाडी बनायची थांबली, रस्त्यावरून कमी झाली, तसा शब्द जुन्या माणसांच्या बोलण्यात मागे राहिला. टेम्पो कधीच आकाराला चिकटला नाही, तो कामाला चिकटला. बांधापर्यंत जाईल, खळ्यात वळेल, एका खेपेचा माल नेईल तो टेम्पो. मग चाकं तीन असोत की चार आणि बनवणारं कुणीही असो.

याचा सगळ्यात चांगला पुरावा 2005 सालचा आहे. त्या वर्षी बजाज टेम्पोनं नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ केलं, म्हणजे कंपनीनं टेम्पो हा शब्द स्वतःच्या नावातून काढला. त्याच वर्षी टाटांची ‘एस’ आली, दोन सिलिंडरच्या छोट्या डिझेल इंजिनाची. तिला सगळ्यांनी ‘छोटा हत्ती’ म्हटलं आणि खान्देशात लगेच टेम्पोतही धरलं. मालकानं नाव सोडलं, लोकांनी सोडलं नाही.

याच्या उलट चाल ‘आयशर’ची. तोही जर्मनच. बव्हेरियातल्या आयशर बंधूंचे ट्रॅक्टर होते, त्यांच्याशी करार होऊन 1960 च्या सुमारास फरीदाबादला भारतीय आयशर ट्रॅक्टर बनू लागला आणि ऐंशीच्या दशकात इंदूरजवळच्या पिथमपूरला आयशरचे हलके ट्रक निघाले. धुळेकरांना पिथमपूर वेगळं सांगायला नको. तिथून बिजासन घाट उतरून पळासनेर, शिरपूरवरून धुळ्याकडे येणाऱ्या नुसत्या चाश्या अनेकांनी पाहिल्या असतील. केबिन नाही, काच नाही. उघडा सांगाडा, त्यावर ठोकलेली फळकुटाची बैठक, आणि डोक्या-तोंडाला उपरणं घट्ट गुंडाळलेला ड्रायव्हर. गाडी अंगावर कपडे चढण्याआधी कशी दिसते, ते मी या रस्त्यावर शिकलो. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा दांडा, स्प्रिंगचे पाटे, सगळं उघड. रस्त्याकडेला चहाला थांबलेली चाशी दिसली की आजही मी गाडी बाजूला घेतो.

तर ‘आयशर’ हा शब्द आपल्याकडे टेम्पोच्या वरच्या पायरीवर बसला. टेम्पोत मावत नाही आणि ट्रक भरत नाही एवढा माल असला की ‘आयशर बोलाव’. केळी रावेर-सावद्याकडून बाहेरगावी जायची तर मोठी गाडी लागते, पण बागेतून रस्त्यापर्यंत घड आणायला टेम्पोच हवा. खाली केळीच्या पानांचा जाड थर, त्यावर घड, पुन्हा पानं. साल काळी पडू नये म्हणून केवढा जीव लावतात ते हातांकडे बघितल्यावर समजतं.

वापराबद्दल थोडं. टेम्पो पुल्लिंगी, अनेकवचन तसंच: एक टेम्पो, दोन टेम्पो. विभक्ती ‘फोटो’सारखी: टेम्पोत, टेम्पोंची. नीट पाहिलं तर ओझं वाहणारे बहुतेक जण मराठीत पुल्लिंगी झालेत: ट्रक, टँकर, डंपर, ट्रॅक्टर, टेम्पो, छोटा हत्ती. माणसं नेणाऱ्या स्त्रीलिंगी: बस, कार, जीप, रिक्षा, मिनीडोर. मॅटॅडोर माल नेत असूनही स्त्रीलिंगीच राहिली, कारण ती दोन्ही कामं करायची. पिकअपही ‘पिकअप गाडी’ म्हणून स्त्रीलिंगी. हा माझा अंदाज आहे, पण टिकणारा वाटतो. अहिराणीनं तर टेम्पोला आपला प्रत्ययही लावून टाकलाय: ‘टेम्पोमा टाक’, ‘टेम्पोस्नी रांग लागनी’. शब्दाला आपल्या बोलीचा प्रत्यय लागला, मग तो परका कसा म्हणायचा? ‘टेम्पो केला’ म्हणजे एका खेपेसाठी भाड्यानं घेतला आणि ‘टेम्पो लावला’ म्हणजे हंगामभरासाठी ठरवला. दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत, बिनदिक्कत लिहा.

लेखनाचं विचाराल तर नियमानं अनुस्वार देऊन ‘टेंपो’. संस्कृत नसलेल्या शब्दांना परसवर्ण, म्हणजे अनुस्वाराऐवजी जोडलेला ‘म्’सारखा वर्ण, नको, असा नियम आहे. पण भाड्याच्या पाट्यांवर सर्रास ‘टेम्पो’ असतं आणि मीही तसंच लिहितो. भाचीला परीक्षेत लिहायचं असेल तर तिनं ‘टेंपो’ लिहावं.