कॅज्युअल्टीतील प्रतीक्षा आणि पडद्यावरचा टोकन क्रमांक

प्रश्न : पोटात असह्य दुखू लागल्याने वडिलांना रात्री कॅज्युअल्टीत नेले होते. पडद्यावर आमचा टोकन क्रमांक दिसत असूनही आमच्यानंतर आलेले रुग्ण आधी आत गेले आणि किती वेळ लागेल, हे कोणीच सांगेना. तंत्रज्ञानाने ही प्रतीक्षा सुसह्य करता येणार नाही का? — एक वाचक

उत्तर : आपला त्रागा समजण्यासारखा आहे, मात्र नंतर आलेल्यांना आधी आत घेतले, यात बहुधा काही गैर नव्हते. कॅज्युअल्टीत क्रम लागतो तो तातडी पाहून, आणि ही वर्गवारी, म्हणजेच ट्रायाज, रुग्ण येताच केली जाते. प्रचलित मँचेस्टर पद्धतीत तातडीनुसार रुग्णाला रंग दिला जातो आणि लाल रुग्णाला तत्काळ, नारिंगीला 10, पिवळ्याला 60, हिरव्याला 120 आणि निळ्याला 240 मिनिटांच्या आत डॉक्टरांनी पाहावे, अशी अपेक्षा असते. अशा ठिकाणी बँकेसारखे चढत्या क्रमाचे टोकन लावणे म्हणजे भांडणाला आमंत्रणच. त्याऐवजी नातेवाइकांच्या मोबाइलवर ‘रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचला आहे, अहवाल आल्यावर डॉक्टर पुन्हा तपासतील’ एवढा संदेश आला, तरी जीव निम्मा खाली पडतो. अंदाजित वेळही ‘45 मिनिटे’ अशी नेमकी न सांगता ‘दीड ते अडीच तास’ अशी सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते, कारण एखादा अपघातग्रस्त रुग्ण येताच सगळे गणित बदलते.

माझ्या मते तंत्रज्ञानाचा याहून मोलाचा उपयोग बाहेर बसलेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यात आहे, कारण पहिल्या तपासणीत स्थिर वाटलेल्या रुग्णाची प्रकृती तासाभरात ढासळू शकते. श्वसनाचा वेग, रक्तातील ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, तापमान आणि शुद्धीची पातळी यांवरून गुण देणारी ‘न्यूज-2’ ही पद्धत ब्रिटनमध्ये 2017 पासून वापरात आहे. एकूण गुण 7 किंवा अधिक झाले, की तातडीची हालचाल अपेक्षित असते. बोटावरचा किंवा मनगटावरचा सेन्सर यांतील काही नोंदी परिचारिकेच्या पडद्यावर सतत पाठवू शकतो. तथापि गडद त्वचेवर ऑक्सिजनचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसण्याचा धोका असतो आणि रुग्ण असंबद्ध बोलू लागला आहे, हे सेन्सरला कळत नाही. म्हणून परिचारिकेची फेरी चुकवून चालत नाही.

प्रतीक्षा खरोखर घटवणारे तंत्रज्ञान बरेचदा नजरेआड असते. हृदयविकाराच्या शंकेत ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाच्या) तपासणीसाठी घेतलेल्या रक्ताच्या दोन नमुन्यांत पूर्वी 3 ते 6 तासांचे अंतर ठेवावे लागे. अतिसंवेदनशील चाचणीमुळे अनेक रुग्णांच्या बाबतीत ते 1 ते 2 तासांवर आले आहे. मात्र वॉर्डात खाट रिकामी नसेल, तर तपासणी पूर्ण झालेला रुग्ण कॅज्युअल्टीतच अडकून पडतो आणि बाहेरच्याला आत घेता येत नाही. कोणती खाट कधी रिकामी होणार हे दाखवणारी प्रणाली येथे उपयोगी पडते, पण ती नवी खाट निर्माण करू शकत नाही.

पुन्हा असा प्रसंग आला आणि वेदना एकदम वाढल्या, रक्ताची उलटी झाली, धाप लागली किंवा रुग्णाला ग्लानी येऊ लागली, तर पडद्याकडे पाहत न बसता थेट ट्रायाजच्या परिचारिकेला गाठून फेरतपासणीची मागणी करावी. पोटदुखीत तर विचारल्याशिवाय रुग्णाला काही खायला-प्यायलाही देऊ नये.